थ्रॉटल कंट्रोलर घ्यावा का? ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, डीएसजी, जळगाव-धुळे वापर

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१८ची, सेकंड हँड, ६२,००० किमी. २ लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) आणि सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). बाहेरचं काहीही बसवलेलं नाही, सगळं कंपनीचं. वापर बहुतेक जळगाव-धुळे हायवे, आणि महिन्यातून एखाद्या वेळी चाळीसगाववरून कन्नड घाट.

तक्रार अशी की अजिंठा चौफुलीवर सिग्नल सुटला आणि पाय दाबला, तर पहिला अर्धा-पाऊण सेकंद गाडी ढिम्म राहते आणि मग एकदम झेपावते. हायवेवर पण तेच. एरंडोलच्या पुढे ७०-८० च्या वेगात कापसाच्या ट्रकमागे असलो आणि ओव्हरटेकला पाय दाबला, की आधी काहीच नाही, मग गिअर खाली पडतो, मग गाडी उचलते. थंडीत एवढं जाणवत नव्हतं, मार्चपासून वाढलंय. चेक इंजिनचा दिवा नाही.

अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो पेडल कंट्रोलर बसवा, पेडलच्या कनेक्टरमध्ये लागतो, पाच मिनिटांचं काम, लॅग पूर्ण जातो. भाव वीस हजारांच्या आसपास. २३० पीएसच्या गाडीला असल्या डब्याने खरंच फरक पडतो का? डीएसजीला काही त्रास? की हेच पैसे रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) किंवा ओपन फिल्टरमध्ये घालावेत? पेडल बॉक्स, स्प्रिंट बूस्टर, पेडल कमांडर यांच्यात काही खरा फरक असेल तर तेही सांगा.

स्पॅनर१० (भुसावळ)

भाऊ, कंपन्यांमधला फरक सोडा. तिन्हींचं मूळ काम एकच आहे, ते आधी समजून घ्या.

तुमच्या गाडीत पाय आणि इंजिन यांच्यामध्ये केबल नाही. पेडलच्या युनिटमध्ये सेन्सर आहे आणि त्याला सहा पिनांचा कनेक्टर. दोन पिना ५ व्होल्टच्या, दोन ग्राउंडच्या, दोन सिग्नलच्या. म्हणजे एकाच पेडलमध्ये दोन वेगळे सेन्सर. पाय काढलेला असताना पहिल्याचा सिग्नल पाऊण व्होल्टच्या आसपास असतो, पूर्ण दाबल्यावर चारच्या आसपास जातो, आणि दुसरा सतत पहिल्याच्या निम्मा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, दोन्ही आकडे सारखे ताडून बघतो. प्रमाण बिघडलं की पी२१३८ कोड पडतो, दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी करून) जाते. एक सेन्सर मेला तर गाडीने आपोआप धावत सुटू नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

डबा या कनेक्टरच्या मध्ये बसतो आणि दोन्ही सिग्नल एकाच प्रमाणात फुगवून पुढे पाठवतो. समजा पायाने २५ टक्के दाबलं, तर ईसीयूला ४० सांगतो. ५० ला ७५. आणि १०० ला १००. शंभराच्या वर त्याला सांगायला काही उरतच नाही. म्हणून पूर्ण पाय दाबून ६० ते १०० किमीचा वेळ मोजला, तर डबा असताना आणि नसताना तो एकच येतो.

मग लोकांना फरक जाणवतो तो का? कारण २००० आरपीएमला इंजिनाला लागणारी हवाच कमी असते. थ्रॉटलची झडप साधारण चाळीस टक्के उघडली की त्या आरपीएमला मिळायची तेवढी बहुतेक हवा मिळून गेलेली असते, पुढचे साठ टक्के उघडून फारसं काही वाढत नाही. डबा पेडलच्या पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच झडप त्या जागी नेतो. तुम्हाला वाटतं ताकद वाढली. खरं तर नंतर मिळायची तीच ताकद कमी पायात मिळाली, आणि पेडलचा उरलेला प्रवास जवळपास रिकामा झाला.

आता राहिला लॅग. सिग्नल ईसीयूमध्ये शिरल्यानंतर गाडीला हिसका बसू नये म्हणून टॉर्क हळूहळू चढवला जातो. हे गणित डब्याच्या पुढे, ईसीयूच्या आत होतं, डबा तिथे पोचत नाही. टर्बोचं पातं फिरायला लागणारा वेळ तर एक्झॉस्टच्या हवेवर ठरतो. त्यालाही डब्याने काही होत नाही.

तुमच्या पोस्टमधला सगळ्यात कामाचा शब्द आहे ‘मार्चपासून’. पेडलचा नकाशा ऋतूप्रमाणे बदलत नाही. थंडीत बरी आणि उन्हाळ्यात सुस्त, याचा अर्थ दुखणं हवेत किंवा तापमानात आहे. त्यामुळे पैसे द्यायच्या आधी रीडिंग घ्या. व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन (गाडीतले आकडे वाचणारे स्कॅनर) असलेला कोणी ओळखीचा असेल तर उत्तम. साधं ब्लूटूथचं ईएलएम३२७ असेल तर एकावेळी तीनच आकडे लावा: पेडल पोझिशन डी (पेडलचा पहिला सेन्सर), थ्रॉटल पोझिशन आणि इनटेक एअर टेम्परेचर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान). जास्त लावले तर तो स्कॅनर प्रत्येक आकडा सेकंदाला एक-दोनदाच वाचतो, आणि अर्ध्या सेकंदाचा उशीर त्यात दिसणारच नाही. दुसऱ्या फेरीत व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हनवर प्रत्येक सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड (ईसीयूने ठिणगी किती अंश मागे घेतली) बघा. एकदा सकाळी सातला, एकदा दुपारी दोनला, रस्ता तोच.

आणि लॉगच्या (या रीडिंगच्या नोंदीच्या) आधी फ्लोअर मॅट काढा. जाड रबरी मॅट पेडलखाली अडकून पेडल शेवटपर्यंत जात नाही, अशा गाड्या भरपूर असतात. इंजिन बंद, चावी ऑन, पेडल पूर्ण दाबा आणि आकडा बघा. डी सेन्सरचा कच्चा आकडा बऱ्याच गाड्यांत ८०च्या जवळच थांबतो, त्याने घाबरू नका. मॅट काढल्यावर तो वाढला तर दोष मॅटचा.

गिरणाथडी (चाळीसगाव)

स्पॅनरभाऊंच्या विज्ञानाशी वाद नाही, पण डबा सरसकट बाद करू नये. काही गाड्यांमध्ये कंपनीने पेडलचा पहिला तिसरा हिस्सा मुद्दाम झोपवून ठेवलेला असतो, मायलेज आणि उत्सर्जनाच्या चाचण्यांसाठी. मॅन्युअल गिअर, स्पोर्ट मोड नाही, त्यात डिझेल एसयूव्ही, अशा गाडीला डब्याने रोजच्या चालवण्यात खरा आराम मिळतो. घाटात सतत पाय खोल ठेवावा लागत नाही, घोट्याला ताण कमी. याला मी पैसे वाया गेले म्हणणार नाही. पण तुमच्या गाडीत स्पोर्ट मोड आहे, आणि तो मोड पेडलचा नकाशा बदलण्याचं तेच काम फुकट करतो. इंडिव्हिज्युअल मोडमध्ये इंजिन स्पोर्टवर आणि स्टिअरिंग नॉर्मलवर ठेवून आठ दिवस चालवा. त्यात समाधान झालं तर विषय संपला.

तरी घ्यायचाच ठरला, तर ‘पाच मिनिटांचं काम’ या भरवशावर राहू नका. गडबड होते ती बसवतानाच.

इग्निशन बंद करा, चावी गाडीपासून लांब ठेवा, आणि निदान दहा-पंधरा मिनिटं थांबा. दार उघडलं की गाडीचे कंट्रोलर जागे होतात, ते परत झोपायला वेळ घेतात. जागं असताना पेडलचा कनेक्टर काढला की लगेच फॉल्ट कोड साठतो आणि ईपीसीचा (इंजिन-थ्रॉटलमधल्या दोषाचा) दिवा लागतो. ड्रायव्हरच्या बाजूला खाली झोपून टॉर्च लावा, कनेक्टर पेडल युनिटच्या वरच्या भागात दिसतो. त्याला बहुधा एक छोटी सरकणारी लॉकपट्टी असते. ती आधी मागे ओढायची, मग मधली जीभ दाबायची, मग कनेक्टरचं अंग धरून ओढायचं. वायर धरून ओढलं तर पिन आतून ढिली होते. अशी पिन महिनाभर ठीक चालते आणि मग खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लागतो. हा दोष शोधायला मेकॅनिकचा अख्खा दिवस जातो.

डब्याची दोन्ही टोकं ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. अर्धवट बसलेला कनेक्टर हे पी२१३८ चं पहिल्या नंबरचं कारण. हार्नेस झिप टायने वरच्या लोखंडी ब्रॅकेटला बांधा, स्टिअरिंगच्या दांड्यापासून आणि पेडलच्या हातापासून लांब. बांधून झाल्यावर पेडल हाताने तळापर्यंत दाबून तीन-चार वेळा सोडा. वायर कुठे घासते का, पेडल परत येताना अडकतं का, हे डोळ्यांनी बघा. मग चावी ऑन, इंजिन बंद, पेडल दोनदा पूर्ण दाबा, स्कॅनरने कोड बघा. सगळं स्वच्छ असेल तरच स्टार्ट करा.

सेटिंग सगळ्यात खालच्यापासून सुरू करा. आपल्याकडचे रस्ते बघता हे फार महत्त्वाचं आहे. खड्ड्यात गाडी उडाली की पाय पेडलवर सेंटीमीटरभर हलतो. कंपनीच्या सेटिंगला ते कळतही नाही. डबा वरच्या सेटिंगला असेल तर तोच सेंटीमीटर दुप्पट होऊन इंजिनाला जातो, गाडी पुढे उसळते, त्याने पाय आणखी हलतो, आणि हिसक्यांची माळ लागते. रिव्हर्समध्येही डबा बंद होतोच असं नाही. अरुंद पार्किंगमध्ये, उतारावर मागे घेताना गाडी अपेक्षेपेक्षा जास्त जाते. पार्किंग, पाऊस आणि घरातलं दुसरं कोणी गाडी चालवणार असेल तेव्हा डबा ‘ऑफ’वर ठेवायची शिस्त लागते. ती पाळता येणार नसेल तर घेऊ नका.

लळिंगघाट (धुळे)

माझं म्हणणं फक्त डीएसजीपुरतं. तापीकाठ दादांच्या हायवेच्या तक्रारीत मला अर्धा दोष गिअरबॉक्सच्या स्वभावाचा दिसतो.

डी मध्ये ७०-८० ला गाडी सहाव्या गिअरमध्ये असते. या गिअरबॉक्समध्ये १, ३, ५ एका क्लचवर आहेत आणि २, ४, ६ दुसऱ्यावर. सहातून पाचवर जाणं सोपं, कारण पाचवा दुसऱ्या शाफ्टवर लावून ठेवता येतो आणि फक्त क्लच बदलायचा असतो. पण तुम्ही जोरात पाय दाबला की त्याला चौथा किंवा तिसरा हवा असतो. सहा आणि चार एकाच शाफ्टवर. म्हणजे आधी भार दुसऱ्या क्लचवर द्या, मग या शाफ्टवर सहावा काढून चौथा लावा, मग परत क्लच बदला. ‘विचार करते’ असं जे वाटतं ते हे काम आहे. डबा लावून हे जलद होत नाही. उलट पायाचा फुगवलेला आकडा ईसीयूकडून गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिकलाही (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटला) जातो. त्याला वाटतं ड्रायव्हर घाईत आहे, म्हणून तो गिअर उशिरा वर टाकतो, जरा पाय दाबला की दोन गिअर खाली येतो. गर्दीत रांगत चालताना क्लच जास्त घसरतो आणि तेल तापतं. तुमचे क्लच तेलात बुडालेले आहेत म्हणून ते सोसतात. सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीक्यू२०० असता तर मी सरळ ‘नको’ म्हटलं असतं.

ओव्हरटेकचा उपाय हातात आहे. ट्रकच्या मागे असतानाच, समोरचा रस्ता मोकळा दिसायच्या आधी, डावा पॅडल दोनदा ओढा. गिअर चौथ्यात येईल, आरपीएम वर येईल, टर्बो फिरता राहील. मग जागा मिळाली की पाय दाबा. हा फरक वीस हजारांच्या डब्यापेक्षा मोठा आहे, खोटं वाटेल तर एरंडोल ते पारोळा करून बघा. नाहीतर लिव्हर एस (स्पोर्ट) मध्ये टाका.

दुसरं, ६२,००० किमी झाले म्हणता. डीएसजीचं तेल बदललं आहे का? या सहा गिअरच्या बॉक्सला ६०,००० ला तेल आणि फिल्टर ठरलेलं आहे. सेकंड हँड गाडीत कागद हातात नसेल तर बदललं नाही असंच धरा. काढून भरताना सव्वापाच लिटरच्या आसपास जातं. त्यात एक गोष्ट आपल्याकडे हमखास चुकते. पातळी तपासायची ती इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना, खालच्या नळीतून जास्तीचं तेल गळून थांबेपर्यंत. मे महिन्यात भर दुपारी, हवाच ४४ अंशांवर असताना हे काम केलं तर तेल आधीच त्याच्या वर गेलेलं असतं. गरम तेल फुगलेलं, म्हणून जास्त गळून जातं, आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्समध्ये तेल कमी पडतं. मग क्लच उशिरा पकडतो, निघताना हिसका बसतो. तापमान स्कॅनरवर बघूनच भरायला सांगा, आणि काम सकाळी पहिल्या नंबरला, गाडी रात्रभर उभी असताना. तेल झाल्यावर स्कॅनरने गिअरबॉक्सची बेसिक सेटिंग करून घ्यायची, ती टाळू नये.

तापीकाठ (जळगाव)

सगळ्यांचे आभार. मॅट काढून बघितली, फरक नाही, पेडलचा आकडा ७९ वर थांबतो. लॉग घेतले, रस्ता जळगाव-पाळधी.

सकाळी ७, बाहेर ३०: इनटेकचं तापमान शहरात ४४, हायवेवर ३९. टायमिंग रिटार्ड चारही सिलिंडरला शून्य, क्वचित एका सिलिंडरला दीड अंश.

दुपारी २, बाहेर ४३: इनटेक सिग्नलला ७४ पर्यंत, हायवेवर दहा मिनिटं चालल्यावरही ६३ च्या खाली नाही. रिटार्ड तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून साडेचार ते सहा अंश, चारही सिलिंडरला.

पेडल वर गेलं की त्याच ओळीत किंवा पुढच्या ओळीत थ्रॉटल उघडलेलं दिसतं, उशीर नाही. डीएसजी तेलाचं बिल आधीच्या मालकाकडे मिळालं नाही. प्लगही मूळचेच असावेत. पेट्रोल साधं.

स्पॅनर१० (भुसावळ)

बघा, थ्रॉटल तुमच्या पायाबरोबरच उघडतंय. जे वेळेवर उघडतं, त्याला आणखी लवकर उघडायला सांगणाऱ्या डब्याचा इथे काही उपयोग नाही.

खरा आकडा आहे ६३. बाहेर ४३ असताना, हायवेच्या वाऱ्यात, दहा मिनिटांनंतरही हवा बाहेरपेक्षा वीस अंशांनी गरम. सकाळी हाच फरक नऊ अंशांचा होता. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) नीट श्वास घेत असेल तर दुपारचा फरकही सकाळच्या जवळपास यायला हवा. गरम हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी. शिवाय गरम हवेत इंजिन नॉकिंगकडे (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याकडे) झुकतं, म्हणून ईसीयू ठिणगी मागे घेतो. सहा अंश मागे म्हणजे टॉर्क सरळ कमी. पाय तोच, थ्रॉटल तेच, आणि गाडी मंद. तुमचं ‘मार्चपासून’ ते हे.

या गाडीत बंपरच्या जाळीमागे आधी एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे इंटरकूलर, त्याच्या मागे रेडिएटर, असा तीन थरांचा सँडविच आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्या हायवेवर कापसाच्या गाड्या जातात. त्यातून उडणारा कापूस, रब्बीचा भुसा, काळ्या मातीची धूळ आणि किडे, हे सगळं कंडेन्सरच्या पंखांतून आत जाऊन दोन थरांच्या फटीत बसतं. समोरून टॉर्च मारली तर कंडेन्सर बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो आणि माणूस फसतो. मागच्या थरावर करड्या लोकरीसारखा थर असतो, पावसाळ्यात एकदा भिजून वाळला की तो नमद्यासारखा घट्ट होतो.

साफ करताना पुढचा बंपर काढावा लागतो आणि थर एकमेकांपासून थोडे मोकळे करावे लागतात. एसीच्या नळ्या उघडायची गरज नाही, ब्रॅकेटचे स्क्रू काढून कंडेन्सर दोन बोटं पुढे झुकवला की पुरे. आधी मऊ ब्रशने कोरडी लोकर ओढून काढा, पंखांच्या दिशेने, आडवा ब्रश नाही. मग साध्या नळाचं पाणी मागून पुढे सोडा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. वॉशिंग सेंटरचं प्रेशर गन जवळून मारू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचे पंख कागदासारखे वाकतात, वाकले की हवा कायमची बंद. ओल्या पंखांवर पुन्हा धूळ चिकटते, म्हणून पूर्ण वाळवून मगच गाडी बाहेर काढा. हे करतानाच रेडिएटरच्या कडेचे फोमचे तुकडे आणि प्लास्टिकचे हवेचे पडदे जागेवर आहेत का ते बघा. ते तुटले असतील तर हवा थरांतून जाण्याऐवजी बाजूने निसटते. आधीच्या अपघातात बंपर बदललेला असेल तर हे पडदे बऱ्याचदा परत लावलेलेच नसतात.

बंपर उघडाच आहे तर टर्बोकडून थ्रॉटलकडे जाणारे पाइप हाताने तपासा. जोडाखाली तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर तिथली रबरी रिंग गळते. इनटेकचं तोंड बंद करून कमी दाबाची हवा सोडा, जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले की जागा सापडली. बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळत असेल तर टर्बोला तोच दाब द्यायला जास्त फिरावं लागतं, आणि हवा आणखी तापते.

प्लग मूळचे असतील तर बदलून टाका, ६२,००० ला त्यांचा गॅप वाढलेला असतो. गॅप ०.७ मिमीच्या आसपास ठेवा, पुस्तकातला आकडा प्रमाण मानून. थ्रॉटल बॉडी उघडून बघा. झडपेच्या कडेला काळी कड असेल तर क्लीनर कापडावर घेऊन पुसा. स्प्रे थेट शाफ्टच्या बेअरिंगवर मारू नका आणि झडप बोटाने जोर लावून फिरवू नका, आत प्लास्टिकचे गिअर आहेत. नंतर चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरने थ्रॉटल अ‍ॅडॅप्टेशन करा. नाहीतर आयडल वर-खाली होत राहील आणि दोष कशाचा ते कळणार नाही.

पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेनचा आकडा बघा. साफसफाई आणि प्लग झाल्यावरही रिटार्ड तीन अंशांच्या वर राहिला, तर टाकी रिकामी होत आली की एक्सपी९५ (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल) भरा, लागोपाठ दोन टाक्या, आणि परत लॉग घ्या. अर्ध्या टाकीत मिसळून केलेल्या तुलनेला अर्थ नाही. सगळ्या गोष्टी एकदम बदलू नका, प्रत्येक कामानंतर एक लॉग.

केळीबाग (रावेर)

ओपन फिल्टरचं कोणी लिहिलं नाही म्हणून. दादा, या इनटेक तापमानात ओपन फिल्टर अजिबात नको. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा जाळीच्या तोंडातून बाहेरची हवा घेतो. उघडा कोन फिल्टर बोनेटखालची हवा ओढतो, आणि सिग्नलला ती बाहेरपेक्षा कितीतरी गरम असते. आवाज येतो, आणि आवाजामुळेच माणसाला वाटतं गाडी जास्त तत्पर झाली. दुसरं, तेल लावायचे कॉटनचे फिल्टर. ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे तिथे तेल जास्त झालं की ते तारेवर चिकटतं आणि हवेचं मोजमाप चुकतं. आपल्या धुळीत कंपनीचा कागदी फिल्टर, पुस्तकातल्या निम्म्या अंतराला बदललेला, हाच उत्तम.

एक शंका माझीही. मित्राकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, केबलची थ्रॉटल. तिला हे पेडलचे डबे लागतात का?

गिरणाथडी (चाळीसगाव)

नाही भो, तिला डबा लागूच शकत नाही, पेडलला सेन्सर नाही. तिथे केबलचा सैलपणा बघा. बोनेट उघडून थ्रॉटलजवळ केबल बोटाने दाबा, ठरलेल्या मोजमापापेक्षा जास्त लोंबत असेल तर ॲडजस्टरचा नट सैल करून केबलचा जास्तीचा सैलपणा काढा आणि नट परत घट्ट करा. पण पूर्ण ताठ करू नका. इंजिन हललं की ताठ केबल झडप थोडी उघडी ठेवते आणि आयडल चढतं. मग केबिनमध्ये एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही समोरून झडप पूर्ण उघडते का ते बघा. जुन्या गाड्यांत केबल आतून गंजून जड झालेली असते, तेव्हा ती सरळ नवी टाका. स्वस्तात काम होतं आणि गाडी पायाला लागते.

तापीकाठ (जळगाव)

बंपर काढला. कंडेन्सरच्या मागे अक्षरशः बोटभर लोकर होती, डाव्या बाजूचा हवेचा पडदा नव्हताच. फोटो काढले आहेत, वेळ मिळाला की टाकतो. साफ केलं, पडदा मागवलाय, पाइपचे जोड कोरडे आहेत. प्लग नवे टाकले, गॅप मोजून. डीएसजी तेल पुढच्या आठवड्यात, सकाळी आठची वेळ घेतली आहे.

दुपारी अडीचचा लॉग, बाहेर ४२: हायवेवर इनटेक ५३, सिग्नलला ६४. रिटार्ड दीड ते अडीच अंश. निघतानाचा ढिम्मपणा अर्ध्याहून कमी झाला, पण आहे. रिमॅपबद्दलही एकदा सांगाल का? आणि डबा आता नकोच, असं समजायचं ना?

लळिंगघाट (धुळे)

रिमॅप खरा इलाज आहे, यात वाद नाही. तो ईसीयूच्या आतला टॉर्कचा नकाशा, बूस्ट आणि पेडल तिन्ही बदलतो, म्हणून त्याच्याने पूर्ण पाय दाबूनही वेळ कमी होतो. पण त्याचा क्रम शेवटचा. सहा गिअरच्या या बॉक्सची कंपनीची मर्यादा ३५० एनएम आहे आणि तुमचं इंजिन आत्ताच ३५० देतं. स्टेज १ (पार्ट न बदलता केलेला पहिल्या पायरीचा रिमॅप) त्याच्या बरंच वर नेतो, म्हणून बॉक्सचं सॉफ्टवेअरही बरोबर करावं लागतं, क्लचचा दाब वाढवावा लागतो. गरम हवेत रिटार्ड घेणाऱ्या इंजिनाला आणखी बूस्ट दिला तर दुपारी ते सगळं परत मागे घेईल, आणि तुम्ही पैसे फक्त डिसेंबरसाठी दिलेले असतील. मोठा इंटरकूलर आधी, मॅप नंतर. गाडीवर एक्स्टेंडेड वॉरंटी उरली असेल तर ईसीयू बदलल्याची नोंद सर्व्हिस सेंटरला दिसते, आणि इन्शुरन्सलाही बदल कळवावा लागतो.

उरलेल्या ढिम्मपणासाठी तेल होईपर्यंत थांबा. आणखी एक गोष्ट करून बघा: ऑटो होल्ड आणि स्टार्ट-स्टॉप यांपैकी जे गाडीत असेल ते बंद ठेवून चौफुलीवरून निघा. स्टार्ट-स्टॉपला इंजिन उठवावं लागतं, ऑटो होल्डला ब्रेक सोडावा लागतो, त्यात अर्धा सेकंद सहज जातो आणि खापर थ्रॉटलवर फुटतं.

स्पॅनर१० (भुसावळ)

५३ म्हणजे आता बाहेरपेक्षा अकरा अंश, छान. पडदा बसला की आणखी एक-दोन अंश उतरेल.

डब्याचा निर्णय तुमच्या पायावर सोडतो, पण मोजून घ्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर, शेजारी कोणीतरी फोनवर जीपीएस टायमर धरून, लिव्हर मॅन्युअलमध्ये, तिसऱ्या गिअरमध्ये स्थिर ६० वरून पूर्ण पाय, १०० पर्यंत. तीन वेळा जाताना, तीन वेळा येताना, सरासरी काढा. अ‍ॅक्सेसरीवाला ट्रायलला डबा देत असेल तर तो लावून परत तेच. आकडा बदलणार नाही. मग दुसरी चाचणी: नॉर्मल मोड, २० वरून ६०, पाय फक्त अर्धा. इथे डबा जिंकेल. आता डबा काढा, स्पोर्ट मोड लावा आणि हीच अर्ध्या पायाची चाचणी परत घ्या. स्पोर्ट मोड आणि डबा यांच्यात जो फरक उरेल, तेवढ्यालाच वीस हजार पडतात.

डीएसजीचं तेल झालं की निघतानाचा लॉग टाका, त्यात इंजिन आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आरपीएम शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही रेषा किती वेळात जुळतात त्यावरून क्लच उशिरा पकडतोय का ते स्पष्ट दिसेल.